झाकण

बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या गोदामात
सध्या युद्ध लागलंय.
अकरा ते आठ, सोमवारी बंद.
तिकीट साडेसातशे, माजी सैनिकांना निम्मं.
समोरच्याच इमारतीत मी बावीस वर्षं
क्लिअरिंग एजंटाकडे कागद रंगवतो.
जेवणाच्या सुट्टीत गेलो.

दारावरची मुलगी म्हणाली,
काका, डबा आत चालणार नाही.
आत वेढा आहे. एकशे सत्तेचाळीस दिवसांचा.
कूत नावाचं गाव, नदीच्या वळणावर,
शेवटी शेवटी माणसांनी घोडे खाल्ले
आणि पुष्कळांनी खाल्लेच नाहीत.
डबा लॉकर एकोणतीसमध्ये. किल्ली मनगटाला.

मग काळोख.
पायाखालची जमीन थरथरली पिठाच्या गिरणीतल्यासारखी.
भिंतभर नदी. धूर गोडसर वासाचा,
लग्नाच्या हॉलात वरमाला घालताना सोडतात तोच.
वाळवंटात एसी इतका
की पुढच्या बाईंनी पदर कानावर घेतला.
कानातल्या आवाजाने भाषा विचारली.
मराठी होती, तिसऱ्या क्रमांकावर.
तोफ मराठीतही तशीच वाजते.

एक घोडा भिंतीतून चालत माझ्यापर्यंत आला,
थांबला, मान खाली घातली.
कुणाच्या तरी पोराने त्याच्यापुढे रिकामी ओंजळ धरली.
घोड्याने ती हुंगली,
निदान मला तसं दिसलं.

शेवटी एक पडदा : आपला पूर्वज शोधा.
धुरी टाकलं. मग एक ओ वाढवून. मग एच काढून.
साहेबाच्या कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं असणार,
मी तरी कोरियन कप्तानांची नावं
आणखी कशी लिहितो?
तीन सापडले.
एक पाणक्या, एक खेचरांवरचा, एक नुसता शिपाई.
तिघांचा पत्ता रत्नागिरी.
तेव्हा आमचं सगळंच रत्नागिरी होतं.
यातला सगुण कोणता?
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

बाहेरच्या वाटेवर, काचेत, एका दिव्याखाली
ती.
वीतभर काशाची चकती.
शिरस्त्राण घातलेली बाई, हाती त्रिशूळ, पुढ्यात सिंह.
खाली पाटी : युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवीत.

ही आमच्याकडे तांदळाच्या मडक्यावर असायची.
पणजीला कुणी वाचून दाखवलं नव्हतं,
वाचणारं कोण होतं?
तिने त्रिशूळ पाहिला, सिंह पाहिला, म्हणाली,
ही भगवती. सायबान धाडल्यान.
दर नवरात्रात चिंचेने घासायची, कुंकू लावायची,
उरलेलं बोट स्वतःच्या कपाळाला.
आणि नवरा सुखरूप येऊ दे म्हणून
त्याच्या मरणाच्या दाखल्यालाच
नवस बोलायची.
एकतीस वर्षं.

पुढे आईने ती मोडीत घातली,
अठ्ठ्याहत्तर साली, भायखळ्याच्या भांडेवाल्याकडे.
वजनाला बरी भरली.
त्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा आला,
वर सव्वा रुपया द्यावा लागला.
मनाला कुठंतरी लागलं असणार,
म्हणून झाकणावर नाव घालून घेतलं तिने,
ते टिंबाटिंबांचं असतं तसलं.
अक्षराला दहा पैसे.
स. धु.
एवढ्यावरच भागवलं.

ऑफिसात सगळ्यांना वाटतं, बायकोचं नाव असेल.

दोन वाजत आले होते. किल्ली परत दिली.
मुलगी म्हणाली, काका, अनुभव कसा होता?
पाचपैकी किती तारे?
मी म्हटलं, घोडा चांगला होता.

गोदीच्या भिंतीला टेकून डबा उघडला.
भात, कुळथाची पिठी, वरच्या पुडात दोन सांडगी मिरच्या.
पिठी थोडी सांडून झाकणावर आली होती,
टिंबांत जाऊन बसली होती.
अंगठ्याने पुसली. निघाली नाही.
जेवलो, शेवटच्या शितापर्यंत.
भिंतीपलीकडे कुठलंतरी जहाज भोंगा देत होतं.
त्याचे कागद सकाळीच
मी पुढे पाठवले होते.